चहा-पोहे लाल अक्षरात, उपास तळटिपेत

इंदूरच्या राजेंद्र नगर भागातलं एक मराठी मंडळ. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांची पुढची स्मरणिका माझ्याकडे अक्षरजुळणीला येणार नाही. मंडळाने एका रविवारी सभासदांसाठी रक्तातली साखर तपासायचं शिबिर ठेवलं. पद्धत नेहमीचीच: सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त घ्यायचं, मग खायचं, आणि खाल्ल्यापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्या तपासणीआधी किमान ८ तास पोटात काही गेलेलं नसावं लागतं. साधं पाणी चालतं, दुधाचा चहा चालत नाही.

लोक आले, वेळेवर आले, आणि त्यातले बरेच जण खाऊन आले. कोणी घरून चहा-बिस्किटं घेऊन निघालेले. कोणी सभागृहाच्या दारातच मांडलेल्या काउंटरवर थांबून, पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला भुरभुरून मग आत शिरलेले. लॅबचा मुलगा सुई हातात घेऊन विचारत होता, "अंकल, कुछ खाया तो नहीं?" समोरून शांतपणे उत्तर यायचं, "नहीं बेटा, बस पोहा."

शिबिर अर्ध्यावर आटोपतं घ्यावं लागलं. लॅबवाले परत गेले, ज्यांनी खरंच उपास धरला होता ते चिडले, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव झाल्यासारखं एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं: लोकं वाचतच नाहीत.

मी नोटिशी, पत्रिका, स्मरणिका लावण्याचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडून देण्याचं काम करते. ती नोटीस माझ्याकडे लावलेली नव्हती, पण नंतर सचिवकाका ती घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, यात लिहिलेलं आहे की नाही तुम्हीच बघा." लिहिलेलं होतं. म्हणजे प्रश्न सरळ होता. मजकूर कागदावर आहे, कागद घरोघरी पोचलाय, वाचणारे सुशिक्षित आहेत, मग वाचलं का गेलं नाही?

कागद

एक ए-फोर पान. वर ॥ श्री ॥, खाली सावली पडलेल्या फुगीर अक्षरांत मंडळाचं नाव. डावीकडे गणपतीचं चित्र, त्यामुळे मजकुराला उजवीकडे एक अरुंद पट्टा उरलेला. लाल पट्टीवर पिवळ्या अक्षरांत "भव्य रक्तशर्करा तपासणी शिबिर". मग प्रमुख पाहुणे, त्यांची पदं, त्यांचे सत्कार कोण करणार. मग सगळ्यात मोठ्या लाल अक्षरांत: "सर्वांसाठी चहा-पोह्यांची व्यवस्था केली आहे." खाली ठळक आणि लाल: "चपला बाहेर रांगेत काढाव्यात." ठळक: "वाहने गेटसमोर लावू नयेत." ठळक आणि अधोरेखित: "थकीत वर्गणी त्याच दिवशी भरून सहकार्य करावे." अगदी तळाशी, गणपतीच्या पायांच्या रेषेत, ९ पॉइंटात, म्हणजे बारीक मापात, केशरी रंगात, तिरप्या आणि अधोरेखित अक्षरांत टीप होती:

"टीप : तपासणीपूर्वी किमान ८ तास काही खाऊ नये. दूध, चहा घेऊ नये. पाणी चालेल."

व्हॉट्सअपवर याच पानाचा फोटो गेला होता, आणि सोबत तोच मजकूर टाइप करून. त्या मजकुराच्या सुरुवातीला जोडलेले हात, फुलं, दिवे, पुन्हा जोडलेले हात. एवढ्या लांबीमुळे व्हॉट्सअपने संदेश मध्येच दुमडला होता. पाहुण्यांची नावं वर दिसत होती. टीप "आणखी वाचा"च्या पलीकडे.

तिघांनी तो कसा वाचला

कुठलाही कागद तपासायची माझी एक साधी रीत आहे. कागद दहा सेकंद समोर धरायचा, मग उलटा ठेवायचा आणि विचारायचं: काय करायचं आहे तुम्हाला? "काय लिहिलंय" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आठवू लागतो.

पहिल्या शेजारच्या काकू, मंडळाच्याच सभासद, पण शिबिराला न गेलेल्या. दहा सेकंदांनी म्हणाल्या, "रविवारी जायचं, पोहे आहेत, वर्गणी न्यायची." गाडी आणि चपला विचारल्यावर आठवल्या. टीप? "टीप होती का त्यात?"

दुसरा आमच्याकडे काम शिकायला येणारा मुलगा. इंदुरातच वाढलेला, शाळा हिंदी माध्यमाची. त्याने "भव्य" आणि "पोहे" पकडलं. वेळ विचारली तर अडखळला, त्याबद्दल खाली लिहिते.

तिसरे गृहस्थ दृष्टिहीन आहेत आणि फोनवरचं सगळं बोलत्या आवाजातून ऐकतात. त्यांच्याकडे मी फक्त व्हॉट्सअपचा मजकूर लावला. फोन सुरू झाला: जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, फूल, दिवा. प्रत्येक चित्राचं नाव तो आवाज इमानदारीने वाचत होता. मंडळाचं नाव येईपर्यंत त्यांनी दोनदा बोट फिरवून पुढे ढकललं, आणि त्यात शिबिराची तारीखही ढकलली गेली. ठळक, लाल, तिरपं यातलं काहीच त्यांच्या कानापर्यंत येत नव्हतं. त्यांच्यासाठी एकच मांडणी होती: आधी काय येतं आणि नंतर काय येतं. पानाचा फोटो तर त्यांच्यासाठी निव्वळ "फोटो" होता.

या तिसऱ्या वाचनाने मला सगळ्यात जास्त दिलं. रंग आणि जाडी काढून घेतली की नोटिशीत फक्त क्रम उरतो, आणि इथला क्रम असा होता: देव, मंडळ, पाहुणे, पोहे, चपला, गाड्या, पैसे, तब्येत.

टीप सजवून सजवून मेली

बैठकीत बसल्यावर एक गोष्ट कळली जी कागदावरून कळली नसती. टीप दुर्लक्षित नव्हती. प्रूफ बघताना एक काकू म्हणाल्या होत्या, "हे उपाशीपोटीचं उठून दिसू द्या." ऑपरेटरने ते ऐकलं, आणि हाताशी होतं ते सगळं त्या ओळीवर चढवलं. तिरपं केलं, खाली रेघ मारली, रंग दिला. प्रत्येक साधनाने ओळ थोडी थोडी मारली. एकेक घेऊन सांगते, कारण हीच चूक लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचनेपर्यंत सगळीकडे दिसते.

तिरपी अक्षरं. रोमन लिपीत तिरपं हे वेगळं वळण आहे. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या मुद्रकाने १५०१ साली त्या वळणात पुस्तकं छापायला सुरुवात केली, त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने अक्षरं वेगळी कोरली. देवनागरीत अशी जुनी परंपरा नाही. बहुतेक वेळा आपण तिरपं करतो तेव्हा संगणक उभ्याच अक्षराला ढकलून वाकवतो. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, वेलांटीचा वळसा शेजारच्या अक्षरावर जातो. १६ पॉइंटात ते खपतं. ९ पॉइंटात नाही.

खालची रेघ. इंग्रजीत रेघेच्या वाटेत येणारी अक्षरं मोजकी. मराठीत उकार, ऋकार, हलन्ताचा पाय आणि खाली लोंबणारी जोडाक्षरं सगळी त्याच पट्टीत राहतात. टिपेत "पूर्वी" आणि "दूध" दोन्हींचे दीर्घ उकार रेघेत बुडाले होते. सचिवकाकांनी आणलेली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती. त्यात मी स्वतः "दध" वाचलं. वर शिरोरेषा, खाली रेघ, आणि मध्ये कोंबलेलं अक्षर: डोळ्याला शब्दाचा आकारच लागत नाही.

रंग. वेबवरच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणात किमान ४.५ पट फरक मागितलाय, मोठ्या अक्षरांना ३ पट पुरतो. पांढऱ्यावर काळा २१ भरतो. पांढऱ्यावर भडक लाल जेमतेम ४. पांढऱ्यावर नेहमीचा केशरी २ च्या आसपास. हे पडद्यावरचं गणित आहे, पण फोनवर फोटो पडद्यावरच बघितला गेला, आणि कागदाचं हाल त्याहून वाईट: काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये केशरी म्हणजे फिकट राखाडी. पहिली रंगीत प्रत फक्त सूचनाफलकावर होती. लाल पट्टीवरची पिवळी अक्षरं मात्र मोठी होती, ती निकषात बसत होती. दिसायला भडक असली म्हणून ती दोषी ठरत नाहीत. गंमत अशी की लोक त्यांच्यावरच सगळ्यात जास्त टीका करत होते.

आणि तुटलेली ओळ. हा दोष कुणाच्याच लक्षात आला नव्हता. अरुंद पट्ट्यात मजकूर दोन्ही बाजूंनी सारखा लावला होता, त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारं पडली होती आणि ओळी भलतीकडे तुटत होत्या. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. "दूध, चहा घेऊ" इथे ओळ संपली आणि "नये" खालच्या ओळीच्या सुरुवातीला एकटं पडलं. घाईत वाचणाऱ्याने ओळ संपताना काय वाचलं? दूध, चहा घेऊ. नकार देणारा शब्द क्रियापदापासून कधीही तुटू देऊ नये; दोघांमध्ये न तुटणारी जागा टाकता येते, प्रत्येक टाइपसेटिंगच्या साधनात ती सोय असते. मी आता कुठलीही सूचना लावताना "नये", "नको", "नाही" आधी शोधते.

ठळकपणाबद्दल एक वेगळी गोष्ट. देवनागरीत ध आणि भ यांची ओळख शिरोरेषेतल्या फटीवर आहे. घ आणि म यांना ती फट नाही. लहान आकारात अक्षर जाड केलं की फट भरते, मग भ चा म आणि ध चा घ होतो. आकड्यांत १ आणि ९ एकमेकांच्या वाटेने जातात. म्हणून ठळक करायचं तर आकारही वाढवायला हवा. नुसतं जाड करून ९ पॉइंटात ठेवलं की वाचणारा अंदाजाने पुढे जातो, आणि वेळ किंवा फोन नंबर अंदाजाने वाचून चालत नाही.

ओळींमधलं अंतर इथे कमी होतं, कारण चित्राने जागा खाल्ली होती. वाचताना डोळा सलग सरकत नाही, उड्या मारत जातो. पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकात हे टिपलं गेलं. एक ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला मारायची उडी सगळ्यात लांब, आणि ओळी चिकटलेल्या असल्या की ती चुकते. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, अनुस्वार एकाच गल्लीत येतात. त्यामुळे अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळ-अंतर ही आमच्या लिपीची गरज आहे. ज्यांना ते उधळपट्टी वाटतं त्यांनी "तूंना" खाली "र्की" ठेवून बघावं.

ठळक ओळींचे मालक

खरं काम कॉम्प्युटरवर नव्हतं, बैठकीत होतं.

मी विचारलं, "चपलांची ओळ लाल कुणी केली?" शांतता. मग एक आजोबा म्हणाले, "मागल्या वर्षी माझे नवे जोडे गेले." वाहनांची ओळ गेटसमोर राहणाऱ्या सभासदांची. वर्गणी अर्थातच कोषाध्यक्ष काकूंची. पोह्यांची लाल ओळ भोजन समितीची. गेल्या कार्यक्रमाला पोहे उरले होते, ते परत उरू नयेत म्हणून. प्रत्येक ठळक ओळीमागे एक माणूस उभा होता आणि त्याची एक जुनी तक्रार होती. रक्ततपासणीच्या ओळीमागे मात्र कुणी नव्हतं. ती लॅबने पाठवलेल्या पत्रकातून उचलून चिकटवलेली होती.

नोटीस वाचायला कठीण होते ती इथे. अक्षरांचं जाडपण म्हणजे कार्यकारिणीत कुणाचं किती चालतं याचा नकाशा असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीत जी वेगळी असते ती जास्त लक्षात राहते. त्यासाठी यादी एकसारखी तर हवी! इथे सात ओळी सात तऱ्हांनी वेगळ्या होत्या, आणि साध्या काळ्या अक्षरात काहीच नव्हतं. इंग्रजीत सगळं मोठ्या लिपीत लिहून ओरडायची सवय लोकांना असते, आणि माइल्स टिंकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकातच प्रयोगांनी दाखवलं की तसा मजकूर उलट हळू वाचला जातो. आपल्याकडे मोठी लिपी नाही, म्हणून आपण रंग, रेघ, सावली आणि उद्गारचिन्हं यांनी तेच काम करून घेतो.

एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला, आणि तो मला आवडला. म्हणाले, "होळकरांच्या दफ्तरात मोडीचे कागद बघा. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग अक्षरं तिला टांगायची. शब्दांत जागा नाही, ठळक नाही, रंग नाही. राज्य चाललं ना त्यावर?"

चाललं. पण त्या पत्रांत प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती. वर श्री, मग मायना, मग मजकूर, शेवटी मोर्तब सुद. कारकुनाला कुठे बघायचं ते तोंडपाठ होतं, डोळा शोधत बसत नव्हता. जागा ठरलेली असली की जाडीची गरज उरत नाही. मी तेच मागत होते, फक्त मोडीशिवाय.

बैठकीत तडजोडीचा एक नियम निघाला: एका नोटिशीत एकच ओळ ठळक. त्यावर वाद झाला की ती कुठली. अध्यक्षांचं मत तारीख, भोजन समितीचं पोहे. मी विचारलं, "वाचणाऱ्याने कुठली ओळ चुकवली तर शिबिर वाया जाईल?" तारीख चुकली तर एक माणूस येणार नाही. उपास चुकला तर तो येईल, रांगेत उभा राहील, आणि लॅबचा वेळ घेऊन परत जाईल. ठळक ओळ ठरली. आजोबांच्या जोड्यांसाठी दाराशी वेगळा कागद लावायचं ठरलं, कारण चपलांची सूचना घरी आठ दिवस आधी वाचून कुणाच्या काय कामाची? ती दारातच वाचायची असते. गाड्यांचं तेच. वर्गणीचं स्मरणपत्र वेगळं जाईल. एक कागद, एक काम.

नवी नोटीस

गणपतीचं चित्र लहान होऊन वर मध्यभागी गेलं. ते काढा असं मी सुचवलंसुद्धा नाही, सुचवलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. "सस्नेह नमस्कार" राहिलं, साध्या जाडीत. पाहुण्यांची नावं तळाशी. अक्षर मुक्ता नावाच्या फॉन्टचं, १४ पॉइंट, ओळ-अंतर दीडपट, डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं. एकच रंग, काळा. मजकूर असा:

रक्तातील साखर तपासणी : उपाशीपोटी यावे

रविवारी सकाळी सात ते नऊ, मंडळाचे सभागृह.

आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नये. सकाळी चहा, दूध, बिस्किट काहीही नको. साधे पाणी चालेल.

रोजच्या गोळ्या असतील, तर त्या सकाळी घ्यायच्या की नाही हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

पहिले रक्त दिल्यावर चहा-पोहे आहेत. खाल्ल्यापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा रक्त घेतले जाईल. मधल्या वेळात काही खाऊ नये.

"टीप" हा शब्द गेला. तळटीप म्हणजे वाचलं नाही तरी चालेल असं लोकांना शाळेपासून कळलेलं असतं. पहिल्या ओळीत नकाराऐवजी होकारार्थी सांगितलं: यावे. आणि मजकुराचा क्रम माणसाच्या रात्रीपासून सकाळपर्यंतच्या क्रमाने लागला. रात्री जेवताना काय, उठल्यावर काय, गोळी घेताना काय, तिथे पोचल्यावर काय. गोळ्यांची ओळ जुन्या कागदावर नव्हतीच. ती लॅबच्या मुलाने सुचवली.

व्हॉट्सअपवर फोटो पाठवायचा नाही, मजकूरच पाठवायचा, असं मी हट्टाने मान्य करून घेतलं. अनेक ज्येष्ठांनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. मजकूर असेल तर तो त्यांच्या मापाने मोठा होतो. फोटोतली अक्षरं आहेत तेवढीच राहतात, मग दोन बोटांनी ताणत, इकडे तिकडे सरकवत वाचायचं. पहिली ओळ तारकांच्या मध्ये ठेवून ठळक केली. तारका अक्षराला चिकटलेल्या लागतात, मध्ये जागा सुटली की ओळ ठळक होत नाही आणि तारकाच दिसत राहतात. मंडळाच्या जुन्या संदेशांत अशा अनाथ तारका भरपूर सापडतील. जोडलेले हात एकदाच, शेवटी. ते दृष्टिहीन गृहस्थ म्हणाले, "आता फोन माझ्याशी बोलतो, आधी आरती करायचा."

पुढचं शिबिर

दुसऱ्यांदा शिबिर झालं तेव्हा बहुतेक लोक उपाशी आले. सचिवकाका खूश. मला मात्र हे यश नोटिशीच्या नावावर लिहायला जमत नाही, कारण त्या दिवशी आणखी एक गोष्ट बदलली होती: पोह्यांचं काउंटर दारातून उचलून रक्त घेण्याच्या टेबलाच्या पलीकडे नेलं होतं. आधी सुई, मग प्लेट. इंदुरात सकाळी सातला गरम पोहे समोर असताना कुठल्याही पॉइंटातलं अक्षर कितपत टिकेल याबद्दल मला शंका आहे. शिवाय पहिल्या वेळची फजिती सगळ्यांना आठवत होती. तीन कारणं एकत्र लागली की कुणाचं किती हे वेगळं काढता येत नाही.

घरूनच खाऊन आलेल्या एक-दोघांशी मात्र मी मुद्दाम बोलले, कारण त्यांच्या बाबतीत काउंटरचा संबंध नव्हता. एका मावशींनी नोटीस वाचलीच नव्हती. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, "ये गं रविवारी, पोहे आहेत." म्हणजे नोटीस कितीही सुबक लावली तरी ती तोंडी सांगताना एका वाक्याची होते, आणि ते वाक्य कुठलं हे सांगणारा ठरवतो. जुन्या कागदावरून तिने पोहे उचलले असते हे नक्की. नव्यावरूनही पोहेच उचलले, यात मला अक्षरजुळणीची मर्यादा दिसते. पुढच्या वेळी ठळक ओळच "उपाशी ये" इतकी लहान करावी का, म्हणजे ती फोनवरही तशीच सांगितली जाईल, असा विचार मी मांडला होता. अध्यक्षांना त्यात आदर कमी वाटला. बरोबरही असेल, मंडळाने सभासदाला "ये" म्हणायचं नसतं.

तक्रारीही आल्या. नोटीस कोरडी आहे, महापालिकेच्या मालमत्ता कराच्या कागदासारखी दिसते. "भव्य" कुठे गेलं असं तिघांनी विचारलं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मंडळाचा कागद फक्त माहिती देत नाही, तो बोलावतो, आणि रंगीत सजावटीत आपुलकी असते ती काळ्या अक्षरात सहजी येत नाही. म्हणून गणेशोत्सवाच्या, कोजागिरीच्या पत्रिकांना हा नियम लावायचा नाही असं आम्ही ठरवलं. तिथे सावलीची अक्षरं येऊ देत, कमळं येऊ देत. कुणी चुकून दूध पिऊन आला तर कोजागिरीला बिघडत काय?

आकड्यांचं भांडण

एक प्रश्न मिटला नाही. आमच्याकडे शिकणारा मुलगा जुन्या कागदावर वेळेपाशी अडला होता ते देवनागरी आकड्यांमुळे. तो मराठी घरात बोलतो, हिंदीत शिकला, आणि त्याचे सगळे आकडे शाळेत, पावतीवर, फोनवर इंग्रजी धाटणीचे. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात केंद्राच्या कामासाठी हिंदी देवनागरीत, पण आकडे आंतरराष्ट्रीय रूपात, असं ठरलेलं आहे, आणि मध्य प्रदेशातल्या त्याच्या पिढीला तेच वळण लागलंय. तो ५ आणि ६ ओळखतो, पण आधी थबकतो. ज्येष्ठांना नेमकं उलट वाटतं: आकडे मराठी नसतील तर नोटीस मराठी कशाची?

शिबिराच्या नोटिशीत मी वाट काढली ती वेळ अक्षरात लिहून, "सात ते नऊ". दोन्ही बाजूंना चाललं, बोलत्या फोनलाही चाललं. वर्गणीच्या स्मरणपत्रात मात्र रक्कम अक्षरात लिहिली की कोषाध्यक्ष काकूंना ती हिशेबासारखी वाटत नाही. तिथे देवनागरी आकडेच आहेत, १४ पॉइंटात, काळे. टेबलावर पावत्या फाडायला तोच मुलगा बसतो, आणि काकू शेजारी बसून रकमा मोठ्याने वाचून देतात.